चित्र समोर आलं की आधी पाय बघा

पाश्चात्य कलेचा इतिहास शिकायला बसलं की पहिल्यांदा हातात पडते ती सनावळी. ग्रीक, रोमन, बायझंटाइन, रोमनेस्क, गॉथिक, रेनेसाँ म्हणजे प्रबोधनकाळ. नावं पाठ होतात, सनही पाठ होतात, आणि परीक्षेत कधी न पाहिलेला एखादा पुतळा समोर आला की हात थांबतो. कलाशिक्षक पदविका करताना माझं हेच झालं होतं. वहीत सगळं होतं, डोळ्यांत काही नव्हतं.

अंबाजोगाईजवळच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये मी एकोणीस वर्षं चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी लेकरं, पुढे पदविकेला गेलेले जुने विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं, सगळी विचारायला येतात. इटलीतली रोम, फ्लॉरेन्स, पादुआ ही शहरं मी पाहिलेली नाहीत. खाली ज्या कलाकृतींबद्दल लिहिते आहे त्या मला छापील फोटोंतून आणि मोबाइलवर मोठ्या करून बघून कळल्या. सोबतीला आपली लेणी आणि देवळं होती. एवढ्यावरही शैली ओळखता येते. कशी, ते सांगते.

पुतळा असो की चित्र, चेहऱ्याकडे नंतर जा. आधी खाली बघा. माणसाचं वजन कोणत्या पायावर आहे?

हे कळायला स्वतः उभं राहावं लागतं. राष्ट्रगीताला उभं राहतो तसं ताठ उभं राहा. वजन दोन्ही पायांवर सारखं, खांदे सरळ, कंबर सरळ. आता लातूरची गाडी तासभर आलेली नाही आणि तुम्ही स्टँडवर ताटकळताय, असं उभं राहा. एक पाय आपोआप ढिला पडतो, त्याचा गुडघा पुढे येतो. ज्या पायावर वजन आहे त्या बाजूची कंबर वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. वर्गात मी एका लेकराला समोर उभं करते, एक फूटपट्टी खांद्यांवर आडवी धरते, दुसरी कमरेवर. ताठ उभं असताना दोन्ही पट्ट्या समांतर असतात. ढिलं उभं राहिलं की एक इकडे कलते, दुसरी तिकडे. एवढंच. यालाच पुस्तकात कॉन्ट्रापोस्टो म्हणतात.

आता ग्रीक पुतळ्यांचे तीन फोटो शेजारी ठेवा. पहिला कुरॉस, इ. स. पूर्व ६००च्या आसपासचा तरुणाचा पुतळा. डावा पाय पुढे आहे, पण वजन दोन्ही पायांवर सारखं. हात अंगाला चिकटलेले, मुठी वळलेल्या. इजिप्तच्या पुतळ्यांची आठवण यावी असा. दुसरा अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवरचा, क्रिटिओसचा मुलगा या नावानं ओळखला जाणारा, इ. स. पूर्व ४८०च्या सुमाराचा. फूटपट्ट्या आठवा. वजन डाव्या पायावर गेलंय, उजवा गुडघा किंचित वाकलाय, कमरेची रेघ जराशी कलली आहे. इतकी थोडी की पहिल्यांदा नजरेतून सुटते. तिसरा पॉलिक्लेटसचा भालाधारी, इ. स. पूर्व ४४०च्या सुमाराचा. इथे दोन्ही रेघा उघड उलट कललेल्या, मागच्या पायाची टाच उचललेली, मान एका बाजूला वळलेली. मूळ पुतळा ब्राँझचा होता, तो हरवला. आपण बघतो ती रोमन लोकांनी संगमरवरात केलेली नक्कल. तिच्या पायाशी झाडाचं खोड दिसेल. दगडाचं वजन घोट्यांना पेलत नाही म्हणून दिलेला तो टेकू आहे. बऱ्याच रोमन नकलांत असा टेकू सापडतो, त्यामुळे तो ओळखीची चांगली खूण आहे.

ताठ ते ढिलं हा प्रवास दीडशे-दोनशे वर्षांत झाला. तो दाखवला की मुलं म्हणतात, म्हणजे आधीच्यांना जमत नव्हतं, नंतरच्यांना जमलं. इथे मी थांबते आणि त्यांना विठ्ठल आठवायला सांगते. विठ्ठल समचरण उभा आहे. दोन्ही पावलं विटेवर सारखी, हात कमरेवर. मूर्तिकाराला गुडघा वाकवता येत नव्हता म्हणून तो तसा उभा आहे का? अठ्ठावीस युगं उभा असलेला देव गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखा उभा राहून कसा चालेल? त्याला तसंच उभं राहायचं आहे. पुढचा सगळा इतिहास वाचताना हा विठ्ठल मनात ठेवा. त्याच्यामुळे माझ्या कितीतरी चुका टळल्या.

दुसऱ्या बाजूला अजिंठ्याचा, क्रमांक १च्या लेण्यातला पद्मपाणी आहे. त्याच्या अंगाला बाक आहे, डोकं झुकलेलं आहे. अंग तीन ठिकाणी वळलेल्या या ढबीला आपल्याकडे त्रिभंग म्हणतात. आपल्या त्रिभंगात आणि ग्रीकांच्या कॉन्ट्रापोस्टोत साम्य दिसतं म्हणून घाईनं एकाला दुसऱ्याची नक्कल ठरवू नका. ग्रीक शिल्पकार वजन कुठून कुठे जातं ते दाखवतो, पोट, बरगड्या, मांडी सगळं त्या वजनाचा हिशोब देतं. आपल्या त्रिभंगात लय आहे, ती नाचातून आलेली. होट्टलच्या नाहीतर औंढा नागनाथच्या देवळाच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी डोळे भरून बघा आणि मग भालाधाऱ्याकडे परत या. फरक सांगावा लागणार नाही.

ग्रीकांचा अभिजात काळ ओळखायची आणखी एक युक्ती, कापड. अथेन्समधलं पार्थेनॉन हे देऊळ इ. स. पूर्व ४४७ ते ४३२ या काळात बांधलं गेलं. त्याच्या त्रिकोणी माथ्यावरच्या देवतांची वस्त्रं अंगाला ओल्या कापडासारखी चिकटली आहेत. एक जुनी ओढणी पाण्यात बुडवून घागरीवर टाका. जिथे घागर फुगीर आहे तिथे कापड सपाट बसतं आणि कडेला बारीक चुण्या गोळा होतात. त्या चुण्या काढून बघा. अर्धा तास काढल्यावर लक्षात येतं की चुणी म्हणजे नुसती रेघ नव्हे, आतल्या गोलाईचा पुरावा आहे.

नंतरच्या हेलेनिस्टिक काळात शांतपणा जातो. पुतळे वळतात, ओरडतात, वारा अंगावर घेतात. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातली सॅमोथ्रेसची विजयदेवता बघा, कापड वाऱ्यानं मागे उडतंय. रोमन लोकांवर मी फार वेळ घालवत नाही. त्यांची एक गोष्ट लक्षात ठेवायची, म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दाखवणारे मुखपुतळे. ग्रीकांना आदर्श माणूस हवा होता, रोमन घराण्यांना आपला आजा हवा होता.

रोमशी आपलं नातंही सांगायला हवं, कारण लेकरांना ते फार दूरचं वाटतं. दरवर्षी मी सहावी-सातवीला तेरला नेते. गोरोबाकाकांचं तेर. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी प्रवासवर्णनात पैठणचा आणि तगरचा, म्हणजे या तेरचा, उल्लेख आहे. इथून माल भडोचला जाई आणि तिथून समुद्रापार. इ. स. ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती तेरलाही मिळाली आहे. हे सांगितलं की बसमध्ये गोंधळ घालणारी पोरं गप्प होतात.

आता सगळ्यात अवघड वळण. माझ्या वहीत इथे लिहिलेलं होतं, ‘रोमच्या पतनानंतर कला खालावली, अंधारयुग सुरू झाले.’ आम्हाला ते तसंच लिहून दिलं होतं आणि आम्ही तसंच उत्तरपत्रिकेत उतरवलं. पुढे कितीतरी वर्षं मी माझ्या विद्यार्थ्यांनाही तेच सांगितलं. मग एकदा रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीचा फोटो नीट बघितला. ही कमान इ. स. ३१५ची. बांधताना तिच्यावर जुन्या सम्राटांच्या स्मारकांमधली शिल्पं काढून बसवली. वरती हेड्रियनच्या काळातली गोल शिल्पं आहेत, त्यांत घोडे वळतात, माणसं मोकळी हालतात. त्यांच्या अगदी खाली कॉन्स्टंटाइनच्या काळात कोरलेली पट्टी आहे. तिच्यात माणसं बुटकी, डोकी मोठी, सगळी एका ओळीत, आणि मधोमध समोर तोंड करून सम्राट. दोन्ही शैली एकाच भिंतीवर, एकाच वेळी. खालची पट्टी कोरणाऱ्यांच्या डोक्यावरच जुना नमुना होता. तरी त्यांनी तसं कोरलं, कारण कोण मोठा आणि कोण लहान हे लांबून कळणं आता जास्त महत्त्वाचं होतं. कारागीर कमी पडले असतील, तेही शक्य आहे. पण ‘खालावली’ हा शब्द मी वहीतून खोडला.

इटलीतल्या रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधलं, बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा सम्राट जस्टिनियन याचं मोझाइक, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेलं भित्तिचित्र, उघडा. चर्च ५४७ साली अर्पण झालं. पुन्हा पाय बघा. सातवीतली एक मुलगी मोबाइल जवळ नेऊन म्हणाली, “मॅडम, हे एकमेकाच्या पायावर पाय देऊन उभे हायत की. आन् टेकलंच नाही कुणी.” बरोबर. जमीनच नाही. पावलं खाली लोंबतात, एकावर एक येतात, मागे सोन्याशिवाय काही नाही. कापडाखाली अंग आहे की नाही याची पर्वा नाही. डोळे मात्र मोठे, सरळ आपल्यावर रोखलेले.

हे समजावायला मला पुस्तक लागत नाही. अंबाजोगाईच्या योगेश्वरीला सगळी लेकरं गेलेली असतात. मी विचारते, गाभाऱ्यात ट्यूब नव्हती, नुसती समई होती, तेव्हा आत गेल्या गेल्या काय दिसत असेल? डोळे, असं उत्तर येतं, कधीच चुकत नाही. देवी कुठल्या पायावर उभी आहे हे बघायला आपण जात नाही, तिनं आपल्याकडे बघावं म्हणून जातो. बायझंटाइन चित्र हे दर्शन आहे. मोझाइकचे काचेचे सोनेरी तुकडे भिंतीत मुद्दाम थोडे थोडे तिरके बसवत, म्हणजे दिव्याची ज्योत हलली की भिंत लुकलुकते. छापील फोटोत हे दिसत नाही. चॉकलेटचे सोनेरी कागद पुठ्ठ्यावर वेगवेगळ्या कोनांत चिकटवा, खोली अंधारी करा आणि पणती फिरवा. आमच्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा पाच मिनिटं कुणी बोललं नाही.

मधल्या शतकांत एक मोठं भांडणही झालं. आठव्या-नवव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात देवाचं चित्र काढावं की नाही यावर शंभरेक वर्षं संघर्ष चालला आणि कितीतरी चित्रं फोडली गेली. तिकडे पश्चिमेला मठांमध्ये कातड्यावर ग्रंथ रंगवले जात होते. आठशेच्या सुमाराचं केल्सचं पुस्तक उघडून एकच पान बघा, अक्षरांत गुंतलेले प्राणी मोजा आणि पुढे चला.

रोमनेस्क (जाड भिंती, गोल कमानी) आणि गॉथिक चर्चबद्दल वाचताना नेव्ह, आइल, अ‍ॅप्स या शब्दांनी मुलं घाबरतात. वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यात जा. मधलं लांब दालन म्हणजे नेव्ह, दोन्हीकडे खांबांच्या ओळी, खांबांमागे अरुंद वाट म्हणजे आइल, टोकाला अर्धगोल म्हणजे अ‍ॅप्स, वर लाकडी वासे असावेत तशा कोरलेल्या कमानी. ख्रिस्ती बॅसिलिकाचा, म्हणजे लांबट चर्चचा, आराखडा असाच असतो. अर्धगोलात तिथे वेदी असते, इथे स्तूप आणि बुद्ध. नाव घेतलं की त्या जागी उभं राहिल्यासारखं आठवतं. गॉथिक म्हणजे यात टोकदार कमान आली, भिंतीचं ओझं बाहेरच्या टेकूंवर गेलं आणि मोकळ्या झालेल्या भिंतीत रंगीत काच बसली. पॅरिसजवळच्या सॅं-दनीत ११४४ साली पूर्ण झालेल्या भागापासून ही सुरुवात मोजतात.

फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलवर मात्र थांबा, कारण एकाच इमारतीत पायांची गोष्ट पुढे सरकते. पश्चिमेच्या दारातले पुतळे ११४५ ते ११५५ या दशकातले. माणसं खांबासारखी लांबोडकी, चुण्या सरळ खाली उतरणाऱ्या, आणि पावलं उतरत्या घसरगुंडीवर ठेवल्यासारखी खाली वळलेली. उभी नाहीत, टांगलेली आहेत. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे बाजूच्या दारांतले पुतळे बघा. आता पावलं आडव्या ओट्यावर टेकली आहेत. संत थिओडोर शिपायाच्या वेशात उभा आहे आणि त्याच्या अंगाला हलकासा बाकही आला आहे. दोन-तीन पिढ्यांत माणूस जमिनीवर उतरला. परीक्षेत रोमनेस्क संपताना आणि गॉथिक मुरताना यांतला फरक विचारला तर मी एवढंच लिहायला सांगते, पावलाचा कोन.

यापुढे माझा सगळ्यात आवडता धडा. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात तीन इटालियन चित्रकारांच्या तीन प्रचंड मडोना, म्हणजे बाळ येशूला घेतलेल्या मेरीची चित्रं, एका दालनात आहेत. दुच्चोची १२८५ची, साडेचार मीटर उंच. चिमाबुएची त्याच दशकाच्या आगेमागे. जोत्तोची १३१०च्या सुमाराची. तिघींच्या मागे सोनं, तिघी सिंहासनावर, मांडीवर बाळ. वरवर सारख्याच. मुलांना एकच प्रश्न द्या, हिचा गुडघा कुठे आहे?

चिमाबुएच्या मडोनाच्या वस्त्रावर सोन्याच्या रेघा आहेत, पैठणीच्या जरीसारख्या. जर कशी, घडीत गेली तरी चमकतेच, सावली घेत नाही. त्या रेघा सुंदर आहेत, पण त्यांच्यावरून गुडघा नेमका सापडत नाही, बोट फिरत राहतं. जोत्तोच्या मडोनावर बोट लगेच टेकतं. निळ्या झग्यात दोन गुडघे पुढे आलेत, कापड त्यांच्यावर ताणलंय आणि मध्ये खोल गेलंय. ती बसली आहे. तिच्या बसण्याचं वजन सिंहासनाला जाणवतंय. पार्थेनॉनच्या देवतांनंतर इतक्या शतकांनी कापड पुन्हा आतल्या अंगाचा पुरावा देऊ लागलं.

जोत्तोनं पादुआतल्या अरेना चॅपेलच्या भिंती १३०५च्या सुमारास रंगवल्या. त्यातलं ख्रिस्ताच्या मृतदेहाभोवतीच्या शोकाचं चित्र उघडा. खाली दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. चेहरे दिसत नाहीत, फक्त जाड कापडात गुंडाळलेल्या दोन पाठी. बायझंटाइन चित्रात महत्त्वाच्या जागी पाठ क्वचितच येते, कारण पाठीचं दर्शन कोण घेणार? मी हे सांगत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला, “मयतावर असंच बसत्यात मॅडम.” माझे आजोबा गेले तेव्हा ओसरीवर शिरताना मला पहिल्यांदा दिसल्या होत्या त्या बायकांच्या पाठीच. जोत्तोनं आपल्याला त्या दारात उभं केलंय. शैली बदलली म्हणजे नेमकं काय बदललं, असं कुणी विचारलं तर मी हे चित्र दाखवते. आधी चित्रातले लोक आपल्याकडे बघत होते. आता ते एकमेकांकडे बघताहेत आणि आपण त्यांच्यात जाऊन उभे आहोत.

रंग कशात कालवला आहे, यावरूनही काळ ओळखता येतो. यासाठी हात खराब करावे लागतात. गेरू, पिवळी माती, काजळ आणि चुना एवढं आणा. अंड्याचा बलक पांढऱ्यापासून वेगळा करा, पातळ पापुद्रा चिमटीत धरून टोचा, आतला बलक वाटीत सोडा आणि पापुद्रा टाकून द्या. तेवढंच पाणी घाला. यात माती कालवली की टेम्परा तयार. माळकरी घरातली लेकरं अंड्याला हात लावत नाहीत, त्यांना मी डिंकाचं पाणी देते; अनुभव जवळपास सारखाच येतो. रंग मिनिटभरात वाळतो, पसरवून मिसळता येत नाही, म्हणून बारीक ब्रशनं रेघेशेजारी रेघ मारत छटा आणावी लागते. मोबाइलवर चौदाव्या शतकातल्या इटलीतल्या चित्राचा गाल मोठा करून बघा, त्याच बारीक रेघा दिसतील. कातडीच्या रंगाखाली हिरव्या मातीचा थर देत, वरचा गुलाबी झिजला की चेहरा हिरवट दिसतो. तीही खूण.

भिंतीवरचं फ्रेस्को मला एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी समजावलं. ते गवंडी आहेत. चुन्याचा गिलावा ओला असतो तोवर रंग पितो, वाळला की वर बसलेला रंग पुसला जातो, हे त्यांनी हातानं दाखवलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंग त्यात अडकतो. म्हणून इटलीतले चित्रकार एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा करत. त्याच्या कडा जवळून आजही दिसतात. निळा रंग मात्र बहुधा भिंत वाळल्यावर लावत, त्यामुळे निळे झगे बऱ्याच ठिकाणी उडालेले आढळतील. अजिंठ्याला कुणी फ्रेस्को म्हटलं तर प्रेमानं दुरुस्त करा. तिथे माती, भुस्सा घालून केलेला लेप, वर चुन्याचा पातळ हात आणि वाळलेल्या पृष्ठावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग आहेत. एक धागा मात्र दोन्हीकडे जातो. अजिंठ्याच्या काही लेण्यांतला निळा लाजवर्द या निळ्या दगडाचा आहे, अफगाणिस्तानच्या डोंगरांतला. इटलीत मडोनाच्या झग्यासाठी सोन्याच्या भावानं विकत घेतला जाणारा निळाही तिथलाच.

आता यथादर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह. इंटरमिजिएटच्या मुलांना हा शब्द माहीत असतो, पण त्यांना तो भूमितीचा जाच वाटतो. मी खिडकीपासून सुरू करते. खिडकीच्या काचेवर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद चिकटवा, एक डोळा मिटा, हनुवटी बाकाच्या पाठीवर टेकवून डोकं अजिबात हलवू नका, आणि बाहेरचा व्हरांडा स्केचपेननं कागदावर गिरवा. मग कागद काढून पट्टीनं रेघा लांबवा. पत्र्याची कड, वाशांची ओळ, फरशीच्या सांधी, सगळ्या एका बिंदूत जातात. तो बिंदू तुमच्या डोळ्याच्या उंचीवर असतो. इटलीतल्या अल्बर्ती या लेखकानं १४३५ साली चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली, ती याच अर्थानं.

त्याआधी ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं फ्लॉरेन्समध्ये एक प्रयोग केला होता. हाच पुढे तिथल्या कॅथेड्रलचा घुमट उभारणारा, १४२० ते १४३६. त्यानं चर्चच्या दारातून दिसणारी समोरची बॅप्टिस्ट्री, म्हणजे बाप्तिस्म्याची इमारत, लाकडी फळीवर रंगवली आणि फळीला एक भोक पाडलं. बघणारा फळीच्या मागून त्या भोकातून बघायचा, दुसऱ्या हातात आरसा धरायचा, आणि आरशात चित्र दिसायचं. आरसा बाजूला केला की खरी इमारत, तशीच. आकाशाच्या जागी त्यानं घासलेली चांदी लावली होती, त्यामुळे चित्रावरून खरे ढग सरकत. ती फळी आज नाही. आम्ही हा प्रयोग संभाजीनगरच्या सहलीत बीबी का मकबऱ्यासमोर पुठ्ठा आणि दाढीच्या आरशावर केला. प्रवेशद्वारापासून मकबऱ्यापर्यंत पाण्याचा सरळ पाट जातो, दोन्हीकडे समांतर वाटा, याहून चांगली जागा मिळायची नाही. फोटोच्या प्रिंटवर पट्टी ठेवून रेघा काढा, त्या मुख्य दाराकडे धावतात.

हे हाताला समजलं की मसाच्चोचं ‘त्रिमूर्ती’ बघा, फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्लातलं, १४२७च्या सुमाराचं. सपाट भिंतीवर कमानीखालची खोल खोली दिसते. छतावरच्या चौकोनांच्या रेघा खाली लांबवा, त्या क्रुसाच्या पायाशी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर मिळतात. हे करणारा मसाच्चो पुढच्याच वर्षी, सव्विसाव्या वर्षाच्या आसपास गेला. लिओनार्दोच्या ‘अखेरच्या भोजना’त रेघा ख्रिस्ताच्या उजव्या कानशिलावर जमतात, तिथे खिळ्याचं भोकही सापडलंय. रफाएलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’मध्ये त्या प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या मध्ये येतात. यथादर्शन म्हणजे नुसती खोली दाखवणं नाही. बघणाऱ्यानं कुठे उभं राहायचं आणि शेवटी कुठे पोहोचायचं, हे चित्रकार ठरवतो.

लिओनार्दोच्या भिंतीची गोष्ट आमच्या गवंडीकाकांना सांगितली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. ओल्या गिलाव्याची घाई नको म्हणून त्यानं वाळलेल्या भिंतीवर रंगवलं. तो जिवंत असतानाच चित्र बिघडू लागलं, आणि विसाव्या शतकात त्याच्या दुरुस्तीला वीसेक वर्षं लागली. त्याला घाई नको होती, कारण त्याला छटा हव्या होत्या. त्या द्यायला तेलरंग होता. युरोपच्या उत्तरेकडे यान व्हान आइकनं १४३४ साली रंगवलेल्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात तेलाची करामत बघा, पितळी झुंबर, कुत्र्याचे केस, मागच्या भिंतीवरच्या गोल आरशात दारातून येणारी माणसं. तेल हळू वाळतं, कड विरघळवता येते. मोनालिसाच्या ओठांच्या कोपऱ्यात रेघ शोधा. सापडत नाही.

पुतळ्यांत पाय परत कधी आले, तेही बघून घ्या. दोनातेल्लोचा संत मार्क १४११ ते १३मधला. अंगभर झगा आहे, पण वजन एका पायावर आणि दुसरा गुडघा कापडातून पुढे. मिकेलांजेलोचा डेव्हिड १५०१ ते १५०४, पाच मीटरांहून उंच, दुसऱ्यांनी अर्धवट सोडलेल्या दगडातून काढलेला. फूटपट्ट्या लावा, भालाधारी आठवेल. पण डेव्हिडच्या कपाळावरच्या आठ्या, हाताच्या फुगलेल्या शिरा भालाधाऱ्याकडे नाहीत. जुनं परत आणताना त्यात काळजी, भीती, निर्धार असा माणूसही आला.

सरावासाठी आम्ही काय करतो ते सांगते. वर नावं घेतलेल्या कलाकृतींचे पोस्टकार्डाएवढे रंगीत प्रिंट काढते, झेरॉक्सच्या दुकानात होतात. मागे काही लिहीत नाही. पत्ते पिसावेत तसे पिसून मुलांपुढे टाकते आणि क्रमानं लावायला सांगते. प्रत्येक पत्त्याला कारण द्यायचं, पाय, गुडघा, मागचं सोनं, रेघांचा बिंदू, यांपैकी एक तरी. सन विचारत नाही. दोन-तीन आठवड्यांत सन आपोआप बसतात, कारण आता त्यांना टांगायला खुंटी असते. चुकला तर पत्ता परत घ्यायचा नाही, कारण ऐकायचं. कधी कधी चुकीच्या पत्त्याचं कारण बरोबर असतं.

गेल्या वर्षी मी पत्त्यांत मुद्दाम एक चित्र मिसळलं, रेनेसाँचा भर ओसरल्यानंतरचं, पार्मिज्यानिनोनं १५३४ला सुरू करून अपुरंच सोडलेलं, लांब मानेच्या मडोनाचं. मुलं गोंधळली. गुडघा दिसतोय, पण ती बसली आहे की घसरते आहे कळेना. खांबांची ओळ आहे, पण किती लांब आहे कळेना. नववीतल्या एका मुलीनं माझा मोबाइल घेतला, चित्र मोठं केलं, उजव्या खालच्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच थांबली. तिथे एका लहानशा संताशेजारी एक पाऊल रंगवलेलं आहे. व्यवस्थित टेकलेलं, बोटं मोजता येतील असं. त्याच्यावर माणूसच नाही, तो रंगवायचा राहून गेला.

“मॅडम,” ती म्हणाली, “ह्यानं पण आधी पायच काढला.”